पणजोबांचं मेज चवथीपूर्वी होणार नाही, आणि ते बरंच आहे

सरळ उत्तर आधी देतो. चवथीपूर्वी हे मेज तयार होणार नाही. कोणी मेस्त (सुतार) दोन दिवसांत करून देतो म्हणाला, तर त्याला चहा पाजा आणि नम्रपणे परत पाठवा.

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं. फोंड्याकडच्या मूळ घरातून पणजोबांचं लिहिण्याचं मेज तुमच्याकडे आलंय. वर उतरतं झाकण, आत छोटे कप्पे, खाली तीन खण. झाकणाची एक बिजागरी उखडलीय, मधला खण अडकून बसलाय, वर कपांच्या पांढऱ्या कड्या आहेत, शाईचा मोठा डाग आहे, मागच्या पायापाशी भोकं आणि खाली भुकटी. मेज डुगडुगतंय. घासून, फेविकॉल लावून, वर चकचकीत पीयू (पॉलियुरेथेनचं पॉलिश) मारून गणपतीला पाहुणे येण्याआधी दिवाणखान्यात ठेवायचा तुमचा बेत आहे. शिवाय लंडनचा भाऊ म्हणतो, पुढेमागे ते मी नेईन.

हा बेत पावसाशी जुळत नाही. आपल्याकडे गोव्यात जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा दिवसचे दिवस ८५-९० टक्क्यांच्या आसपास असतो आणि लाकूड तो पिऊन फुगतं. उन्हाळ्यात आणि पावसात सागवानाच्या ओलाव्यात पाचेक टक्क्यांचा फरक सहज पडतो. आडवी कापलेली दीड फूट रुंद सागवानी फळी तेवढ्यानं साडेचार मिलिमीटरपर्यंत रुंदावते. सहा इंच उंचीची खणाची दर्शनी फळी दीड मिलिमीटर वाढते. लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. सगळी हालचाल रुंदीत. खणाभोवती जुन्या सुतारानं तेवढी फट ठेवली असली, तरी तिच्यात शंभर वर्षांची धूळ आणि पॉलिशचे थर बसलेले असतात. मग जुलैमध्ये खण अडकणारच.

म्हणून पहिला नियम: पावसात रंधा हातात घ्यायचा नाही. आत्ता तो खण रंधून मोकळा केलात, तर फेब्रुवारीत तो सैल होऊन खुळखुळायला लागेल, आणि काढलेलं लाकूड परत चिकटवता येत नाही. खण ओढूही नका, मूठ हातात येईल. त्याच्या वरचा किंवा खालचा खण निघत असेल तर तो काढा, आत बॅटरी मारून पाहा. पुष्कळदा मागे एखादा कागद किंवा सुटलेली पट्टी अडकलेली असते. तसं काही नसेल तर जानेवारीपर्यंत थांबा. बहुतेक वेळा खण तेव्हा आपणहून सुटतो. मग खणाच्या खालच्या कडांवर आणि तो ज्या पट्ट्यांवर सरकतो त्यांच्यावर साधी मेणबत्ती घासायची. जानेवारीतही नाहीच हलला, तर पट्टी झिजून खण तिरका बसलाय असं समजा. झिजलेल्या खाचेत त्याच जातीच्या लाकडाची पातळ चीप बसवायची. मूळ पट्टी फेकून नवी घालायची गरज क्वचितच पडते.

पावसाचे हे महिने वाया जात नाहीत. या दिवसांत मेज वाचायचं.

सगळे निघणारे खण काढा आणि उलटे करा. लोक वरची बाजू न्याहाळतात, पण माहिती सगळी खालच्या बाजूला असते. तळाच्या फळीवर करवतीच्या सरळ, थोड्या कमीजास्त रेषा दिसल्या तर ती हातकरवतीनं कापलेली. कमानीसारख्या गोलाकार रेषा असतील तर गोल पात्याच्या यंत्राची. एखादा स्क्रू काढून बघा. डोक्यावरची खाच मधोमध नाही आणि टोक बोथट आहे, तर तो जुना. टोकदार स्क्रू एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर रुळले. अधिकच्या चिन्हाची खाच असलेला स्क्रू दिसला तर ती १९३० नंतरची, बहुधा त्याच्याही बरीच नंतरची दुरुस्ती. तळाला प्लायवूड असेल तर तेही नंतरचं. खणाच्या बाजूंवर पेन्सिलीनं किंवा पटाशीनं केलेल्या खुणा असतात, कोणता खण कुठे जातो हे सुताराला कळावं म्हणून. त्या पुसू नका. सगळ्याचे फोटो काढा, प्रत्येक मूठ, स्क्रू, बिजागरी वेगळ्या पाकिटात घालून वर लिहून ठेवा. खणामागे पडलेले कागदही जपा. पोर्तुगीज काळातला मुद्रांकित कागद किंवा कोमुनिदादीच्या (गावच्या सामायिक जमिनी सांभाळणाऱ्या संस्थेच्या) हिशेबाचं पान अशा जागी सापडतं, आणि घरच्या माणसाला ते मेजापेक्षाही मोलाचं वाटू शकतं.

लाकूड ओळखणं तितकंच महत्त्वाचं. आपल्याकडच्या जुन्या घरांत शिसम, सागवान, फणस आणि माट्टी (ऐन) सर्रास भेटतात, आणि एकाच मेजात दोन-तीन जाती असणं अगदी नेहमीचं: समोरचा भाग शिसमाचा, खणांच्या बाजू सागवानी किंवा फणसाच्या. शिसम उचलताना वजनावरूनच कळतं, रंग जांभळट तपकिरी, काळ्या रेघा. सागवान आतल्या बाजूला नखानं जरा खरवडलं तर तेलकट, चामड्यासारखा वास येतो. फणस ताजा असताना पिवळा, पण वर्षानुवर्षांनी इतका तांबूस होतो की लोक त्याला सागवान समजतात. पॉलिशखाली न गेलेला कोपरा बघा, तिथे तो पिवळेपणा उरलेला असतो.

काळ्या लाकडात हस्तिदंताची बारीक नक्षी, वर्तुळांची जाळी, असं काही दिसलं तर मात्र थांबा आणि संग्रहालयातल्या जाणकाराला दाखवा. सतराव्या शतकातली गोव्याची तसली कपाटं लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्टसारख्या संग्रहालयांत आहेत. ते घरी शिकण्याचं काम नव्हे. तुमच्या वर्णनावरून तुमचं मेज तसं वाटत नाही, म्हणून पुढचं लिहितो.

भुकटीचं काम मात्र आजच करायचं, ते पावसासाठी थांबत नाही. काळ्या कागदावर ती घ्या आणि बोटांत चोळा. तालकम पावडरसारखी मऊ असेल तर लाकूड पोखरणारा भुंगा. तो लाकडाची बाहेरची पांढरट कड खातो, गाभ्याच्या वाट्याला सहसा जात नाही, आणि भोकं एक ते दोन मिलिमीटरची असतात. भुकटी खरखरीत, खसखशीएवढे दाणे, भिंगाखाली सहा बाजूंचे, असे असतील तर कोरड्या लाकडातली वाळवी. हिला जमिनीशी संबंध लागत नाही, त्यामुळे मातीची नळी दिसत नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मातीच्या नळ्या असतील तर ती जमिनीतली वाळवी, आणि मग दुखणं मेजाचं नाही, घराचं आहे. आधी तिचा बंदोबस्त.

भोकं जुनी की चालू, हे ठरवायला भुकटी झाडून खाली पांढरा कागद पसरा आणि दोन-तीन आठवडे पाहा. नवी भुकटी पडली तर किडे आत आहेत. पॉलिश नसलेला खण असेल तर प्लास्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून उणे २० अंशांच्या डीप फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. मासळीचा धंदा करणारा मित्र असेल तर त्याच्याशी गोड बोला. बाहेर काढल्यावर खण पूर्ण खोलीच्या तापमानाला येईपर्यंत प्लास्टिक सोडायचं नाही, नाहीतर त्यावर दव धरतं. पायासारख्या मोठ्या भागाला टाकणखार आणि बोरिक ॲसिड: लिटरभर कोमट पाण्यात साधारण ६० ग्रॅम आणि ४० ग्रॅम. हे पॉलिशमधून आत जात नाही, म्हणून तळाकडून, मागच्या कोऱ्या बाजूंनी ब्रशनं, आणि भोकांत सिरिंजनं. हातमोजे घाला, पोरांपासून लांब ठेवा. दर्शनी पॉलिशवर पाणी ओघळू देऊ नका.

रॉकेल नको. खोबरेल नको. खोबरेल कधी सुकत नाही, त्यावर धूळ बसते आणि पावसात बुरशी. काजूच्या टरफलांचं काळं तेल आपल्याकडे वाशांना, होड्यांना लावतात आणि त्या कामाला ते उत्तमही आहे, पण मेजाला लावाल तर लाकूड कायमचं काळं होईल आणि लिहिणाऱ्याच्या मनगटावर फोड येतील. जवसाच्या तेलाची शिफारस परदेशी पुस्तकांत हमखास असते. आपल्या हवेत ते आठवडेच्या आठवडे चिकट राहतं, आणि त्यानं भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकल्या तर आपोआप पेट घेऊ शकतात. मी ते वापरत नाही.

आता पॉलिश. त्या मेजावर काय आहे हे कळल्याशिवाय त्यावर काहीही लावायचं नाही. झाकणाच्या आतल्या कोपऱ्यात, सहज न दिसणाऱ्या जागी, कापसाच्या बोळ्यावर डिनेचर्ड स्पिरिट घेऊन अर्धा मिनिट ठेवा. पृष्ठभाग चिकट झाला तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटनं काही झालं नाही पण थिनरनं मऊ पडलं तर लॅकर. दोन्हींनी ढिम्म राहिलं तर नंतर कोणीतरी मेलामाइन किंवा पीयू मारलंय. जुन्या मेजावर बहुधा लाखच असते. फेणी सांडलेल्या मेजावर पांढुरके ओघळ दिसतात ते याचमुळे. फेणीत जवळजवळ ४३ टक्के अल्कोहोल, लाख त्यात विरघळते.

इथे एक गोष्ट जवळून सांगतो, कारण नवशिके इथेच घाबरतात. शिसमावर स्पिरिटचा बोळा फिरवला की तो बघताबघता वाइनच्या रंगाचा होतो. वाटतं, जुना रंग निघाला, अजून घासू, संपेल. तो संपत नाही. तो रंग लाकडाचाच आहे. शिसमातली रंगद्रव्यं स्पिरिटमध्ये उतरतात. घासत राहिलात तर लाकूड फिकं पडेल, आणि शेजारी फिकट लाकडाची पट्टी किंवा जडावकाम असेल तर त्यावर जांभळट डाग चढेल. अशा ठिकाणी आधी फिकट पट्टीवर लहान ब्रशनं लाखेचा एक पातळ हात द्यायचा, तो वाळू द्यायचा, आणि मग बाजूच्या शिसमाला बोळा लावायचा.

पॉलिश काढून टाकायचा विचारच मनातून काढा. तुम्हाला जो मळकट काळपटपणा दिसतोय त्यातला बराचसा भाग मेण, धूर आणि हातांचा तेलकटपणा आहे, तो टर्पेंटाइननं निघतो. आधी कोरडा मऊ ब्रश, मग टर्पेंटाइनचा ओलसर फडका, सतत बदलत. जे चिवट उरतं त्यासाठी थुंकी. हसू नका, संग्रहालयांत खरोखर वापरतात, आणि ती का चालते हे मोजून दाखवणाऱ्या पोर्तुगालच्या तिघा संशोधकांना २०१८ चा रसायनशास्त्राचा इग नोबेल मिळाला. कापसाची काडी तोंडात ओली करा, डागावर गोल फिरवा, नवी काडी घ्या. वापरलेली काडी परत तोंडात घालू नका, एवढंच.

पॉलिश पेपर हा मेजाचा मोठा शत्रू. मेस्त ८० नंबरपासून सुरुवात करतो, कारण त्याला नवं फर्निचर करायची सवय. शंभर वर्षांत उन्हानं आणि हातांनी जो रंग लाकडाला आला तो वरच्या अगदी पातळ थरात असतो. एकदा घासला की खाली निघतं ते कोरं लाकूड, आणि मग मेज कालच दुकानातून आणल्यासारखं दिसतं. मेजावर कुठे जुना ऑइलपेंट असेल तर कोरडं घासणं धोक्याचंही आहे. घरच्या रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे २०१७ मध्ये लागू झाली, त्याआधीच्या रंगाचा भरवसा नाही.

पांढऱ्या कड्या म्हणजे लाखेत अडकलेला ओलावा. त्यातल्या काही डिसेंबरात हवा कोरडी झाली की स्वतःच पुसट होतात. उरलेल्यांवर जेमतेम ओलसर स्पिरिटचा बोळा, हलक्या हातानं, न थांबता एकदा फिरवायचा. बोळा एका जागी थांबला तर तिथे भोक पडलंच. शाईच्या डागाचं माझं मत विचाराल तर राहू द्या. तो पणजोबांच्या हातचा आहे. जुनी शाई बहुधा लोहाची असते आणि ऑक्झॅलिक ॲसिडनं फिकी होते, लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम. पण त्याआधी त्या जागेचं पॉलिश काढावं लागतं, आणि डागाच्या जागी फिका चट्टा येऊन तोच जास्त दिसतो. शिवाय ते विषारी आहे, त्याची कोरडी भुकटी नाकात जाता कामा नये.

सांध्यांकडे वळू. मेज डुगडुगतंय म्हणजे सरस सुकून कुरकुरीत झालाय, लाकूड मोडलेलं नाही. जुने सुतार जनावराचा सरस वापरत. फेविकॉल १९५९ साली आला. त्याआधीच्या मेजात तो असेल तर तो दुरुस्तीचाच. नव्या कामाला फेविकॉल उत्तम, पण जुन्या सरसावर तो नीट धरत नाही, आणि पुढे सांधा परत उघडायचा झाला तर लाकूड फाटतं. सरसाचं वैशिष्ट्य असं की कोमट पाण्यानं, वाफेनं तो सुटतो आणि नवा सरस जुन्यात मिसळून धरतो.

सैल सांधा पूर्ण उघडायचा, अर्धवट नाही. न उघडणाऱ्या सांध्यात सिरिंजनं स्पिरिटचे दोन-चार थेंब सोडा, सरस ठिसूळ होतो आणि लाकडी मोगरीच्या हलक्या ठोक्यानं सांधा सुटतो. थेंब बाहेरच्या पॉलिशवर आला तर तिथली लाख गेली, म्हणून शेजारी कापड धरा. आधी सांध्यात आडवी लाकडी खुंटी किंवा खिळा आहे का ते बघा. असेल आणि तुम्ही ठोकत राहिलात तर पाय फाटेल. सांधा निघाला की जुना सरस कोमट ओल्या फडक्यानं पुसून काढा, खरवडू नका, नाहीतर सांधाच सैल होईल. नवा सरस रात्रभर गार पाण्यात भिजवायचा आणि पाण्याच्या भांड्यात दुसरं भांडं ठेवून ६० अंशांपर्यंत गरम करायचा. उकळला तर त्याची ताकद गेली. वास येतो, घरचे कुरकुरतात, त्याला इलाज नाही. शिकंजा लावताना मधे लाकडाचे तुकडे द्या, आणि रात्रभर तसंच ठेवा.

उखडलेल्या बिजागरीची भोकं काड्यापेटीच्या काड्यांनी भरू नका. भोक थोडं मोठं करून त्यात सागवानाची खुंटी सरसानं बसवा, ती सपाट करा, मग बारीक ड्रिल. पितळी स्क्रू मऊ असतो, घट्ट लाकडात डोकं तुटून राहतं; म्हणून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू आधी फिरवून वाट करा, तो काढा, मग मेण लावून पितळी घाला. समुद्राकाठच्या हवेत लोखंडी स्क्रू तसाच ठेवला तर गंजून सभोवती काळा डाग पाडतो. पितळी मुठी चिंच-मिठानं साफ करायच्या असतील तर मेजावरून काढूनच. पितळ उजळायच्या पावडरी नकोत, त्यांची पांढरी पूड नक्षीत बसली की निघत नाही. आरशासारख्या मात्र चमकवू नका, त्या मेजावर त्या उपऱ्या दिसतात.

सांधे डिसेंबरनंतर, आणि पॉलिश जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत. लाखेला कोरडी हवाच लागते. स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, हवेत ओलावा असेल तर तो तिथे जमतो आणि सगळं पॉलिश दुधाळ होतं. भिंतीवर साधं आर्द्रतामापक लावा. ७० च्या वर काटा असेल तर बोळा खाली ठेवा. थंडीतही सकाळी दव असतं, म्हणून दहानंतर बसा. चपडी लाख लिटरभर स्पिरिटमध्ये १२० ग्रॅम, पातळच. जाड लेपानं चकाकी लवकर येते आणि लवकर तडकते. मिसळलेली लाख महिनोन् महिने ठेवू नका. काचेवर थेंब टाका, दुसऱ्या दिवशीही चिकटत असेल तर फेकून द्या. मलमलीत गुंडाळलेला कापसाचा बोळा, तळाशी एखादा थेंब तेल, लांब सरळ हात, मग आठच्या आकड्यासारखा. एका बैठकीत दोन-तीन हात पुरे, मध्ये दिवसभर विश्रांती. तुमच्याकडे जुनं पॉलिश शाबूत असेल तर एकूण चार-पाच हातांत काम होईल. पीयू मी सुचवत नाही याचं कारण दिसण्यापेक्षा वेगळं आहे: लाखेवर ओरखडा पडला तर उद्या तेवढीच जागा दुरुस्त करता येते, पीयूवर पडला तर सगळं खरवडावं लागतं.

ओलावा मोजायचं यंत्र आणलंत तर एक लक्षात ठेवा. थंड देशांतली पुस्तकं सहा-आठ टक्के म्हणतात. आपल्याकडे फेब्रुवारीत १२-१३ दाखवलं तरी ते सुकं लाकूड. त्या पुस्तकांच्या आकड्यासाठी एसीच्या खोलीत ठेवून लाकूड आणखी सुकवू नका.

तोवर चवथीला मेज तसंच ठेवा, पुसून, भिंतीपासून दोन इंच पुढे, पायांखाली दगडाच्या चकत्या घालून, निघणारे खण थोडे उघडे ठेवून. पाहुण्यांना काय सांगायचं ते तुम्ही बघा. समई किंवा आरतीचं तबक मात्र त्यावर ठेवू नका.

राहिला लंडनचा भाऊ. मेज शंभर वर्षांहून जुनं असेल तर १९७२ च्या पुरातन वस्तू कायद्याप्रमाणे खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. त्याहून नवं असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ते पुरातन नसल्याचा दाखला घ्यावा लागतो, आणि शिसम असेल तर सायटीसचे, म्हणजे दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराचे, नियम वेगळे. २०१७ पासून शिसमाच्या संपूर्ण वंशावर (डालबर्जिया) आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. हे सगळं पार पडलं तरी हिवाळ्यात हीटर लावलेल्या लंडनच्या घरात हवा इतकी कोरडी होते की इथल्या हवेत मुरलेलं झाकण पहिल्याच जानेवारीत मधोमध तडकायची दाट शक्यता. भावाला हे आधीच सांगून टाका.